टिकटिक करणारा पंप

४ एप्रिल

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. चिंगीला एक गालगुच्चा, पण हळू. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईच्या शिवणाच्या क्लासला बायका वाढल्या आहेत, त्यामुळे बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते आणि माझ्या खुर्चीवर कायम कुणाची तरी अर्धवट शिवलेली बाही पडलेली असते. मी आपला चहा घेऊन गॅरेजमध्ये पळतो. तिथे निदान आपली म्हातारी गाडी तरी मला बस म्हणते.

पत्रास कारण की, असं तुझे आजोबा लिहायचे. माझ्या पत्राला कारण एक पंप आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन माझ्या हातात आला की तुझी आई "आणा इकडे, तुम्हाला धड काही विचारता येत नाही" म्हणून तो काढून घेते. मग तुम्ही मायलेकी चिंगीच्या दातांवर बोलता आणि पंप राहून जातो.

महिनाअखेरीला तू चिंगीला घेऊन इकडे येणार, थोडे दिवस राहणार, आणि मग आपण सगळे म्हातारीतून घाट चढून तुमच्या नव्या घरी जाणार, असं ठरलं आहे. जावईबापू सामान घेऊन आधीच वर गेलेत. तू लिहिलंस, "चिंगीला बसमध्ये उलट्या होतात. आणि बाबा, मला आपल्याच गाडीतून जायचंय. तुम्हीच चालवायची." ते वाचून मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, ती ओळ मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवली. पण त्याच्या पाठोपाठ घाटाची काळजी लागली, ती अजून गेलेली नाही.

तुला घाटातलं ते मोठं वळण आठवतं ना? दर उन्हाळ्यात म्हातारी तिथेच मान टाकायची. तुझी आई ओलं फडकं द्यायची, मी ते पंपावर गुंडाळायचो आणि तू त्यावर बाटलीने पाणी ओतायचीस. तुझा फ्रॉक भिजायचा. तिचा जुना पंप इंजिनालाच चिकटलेला आहे. इंजिन तापलं की तोही तापतो, आत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्याला ढकलता येत नाही. तेव्हा सगळी गंमत होती. आता मागच्या सीटवर चिंगी, तिच्या मागे भोंगे वाजवणारे ट्रक आणि मी भर उन्हात फडकं पिळतोय, हे सारखं डोळ्यांसमोर येतं.

यावर उपाय म्हणजे विजेवर चालणारा पंप. तो मागे, पेट्रोलच्या टाकीजवळ, थंड जागी बसतो आणि तिथून पेट्रोल पुढे ढकलतो. वाफेचा प्रश्न मिटला. पण कुठला पंप, इथे माझी गाडी अडली आहे. आपला कार्बोरेटर म्हणजे साधी वाटी. वाटीत एक तरंगणारा गोळा, त्याला जोडलेली एक सुई. वाटी भरली की गोळा वर येतो आणि सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. सुईची ताकद ती केवढी. हल्लीच्या गाड्यांचे पंप एवढ्या जोराने मारतात की ती बिचारी बाजूलाच होईल. मग पेट्रोल वाटीबाहेर, आणि खाली तापून लाल झालेला एक्झॉस्टचा पाइप. पुढचं मी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट. जुना पंप इंजिनाच्या जिवावर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. विजेच्या पंपाला तेवढी अक्कल नाही. किल्ली चालू आहे तोवर तो ढकलत राहणार, मग नळी फुटलेली असो की गाडी झाडावर आदळलेली असो. म्हणून धक्का बसला की आपोआप वीज तोडणारा एक स्विच मिळतो, तोही मी शोधतो आहे. तुझी आई म्हणते, "आगगाडी बनवताय का?" तिला काय जातंय म्हणायला.

तिने काल मला चांगलंच फैलावर घेतलं. गॅसवर दूध ठेवून ती बाहेर क्लासमध्ये गेली होती. मी स्वयंपाकघरात टेबलाशीच पंपाचं माहितीपत्रक वाचत बसलो होतो. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेल्याचा कोळसा झाला, तरी मी मान वर केली नाही. ती धावत आली आणि म्हणाली, "हे नाक आहे की खुंटी?" बाहेर बसलेल्या बायका हसल्या. माझं लक्ष नव्हतं, दुसरं काय. माहितीपत्रकाची अक्षरं फार बारीक असतात.

तुझी तब्येत कशी आहे? तुला सर्दी वगैरे होत नाही ना सारखी? वाहतं नाक, चोंदलेलं नाक, असलं काही? सहज विचारतो आहे.

पंपाबद्दल तुझं मत कळव. तुला त्यातलं कळत नाही हे मला माहीत आहे, तरी कळव.

तुझा,
बाबा



१२ एप्रिल

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. एवढ्याशा कागदावर तीन ओळी लिहून तू माझी बोळवण केलीस. "बाबा, घोळ घालू नका. चांगल्यातला एक पंप घ्या आणि बसवा. गळती झालीच तर तुम्हाला जिन्यावरून कळतं, मग कसली काळजी?"

तुझ्या शेवटच्या ओळीवर नंतर लिहीन. आधी दुकानातली गंमत ऐक.

स्पेअर पार्टच्या दुकानात मी चार दिवसांपूर्वी सकाळीच गेलो. दुकानदार म्हणजे तोंडाची टकळी. मी गाडीचं नाव सांगितलं तर म्हणाला, "काका, ती अजून चालते? की देव्हाऱ्यात ठेवलीय?" मग त्याने एक चकचकीत नळकांडं काउंटरवर आपटलं. "हा घ्या. पंप नाही, पैलवान आहे. घाट काय, भिंत चढेल गाडी."

मी म्हटलं, "प्रेशर किती याचं?"

"भरपूर."

"मला भरपूर नको. कमी हवं."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी हॉटेलात जाऊन शिळं मागितलं. मग त्याला वाटीची, गोळ्याची आणि सुईची सगळी गोष्ट सांगितली. तोवर मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि त्यातला एक जण माझ्या बाजूने बोलायला लागला, त्यामुळे अजूनच वेळ गेला. शेवटी कार्बोरेटरला चालतील असे दोन पंप पुढे आले. एक आत गोल फिरणारा, अगदी शांत, पण त्याचं प्रेशर थोडं जास्त, म्हणून पुढे एक दाब कमी करणारी डबी बसवावी लागते. दुसरा जुन्या पद्धतीचा. त्याच्या आत रबरी पडदा असतो, तो मागेपुढे होतो आणि प्रत्येक वेळी टिक असा आवाज करतो. प्रेशर मुळातच कमी, डबी नको की काही नको.

"काका, शांतवाला न्या," दुकानदार म्हणाला. "हा दुसरा डोकं उठवेल. नातवंडं झोपायची नाहीत गाडीत."

"तोच द्या," मी म्हटलं. "आवाजवाला."

"मुद्दाम आवाज पाहिजे?"

"मुद्दाम पाहिजे."

तर मी टिकटिक करणारा पंप आणला आहे. त्याची भाषा एकदा कळली की फार सोपी आहे. किल्ली फिरवली की तो भराभर टिकटिकतो, म्हणजे वाटी भरते आहे. वाटी भरली की गप्प बसतो. गाडी चालू असताना मधूनमधून बोलतो, जेवढं पेट्रोल लागेल तेवढंच. आणि इंजिन बंद असताना, वाटी भरलेली असताना तो सारखा बडबडत राहिला, तर समजायचं की पेट्रोल भलतीकडे चाललं आहे. म्हणजे गळती झाली तर तो स्वतःच ओरडून सांगणार. शांत पंप हे सांगत नाही. मी दोन दिवस त्याला डब्यातल्या पेट्रोलवर चालवून नुसता ऐकत बसलो होतो. कान अजून शाबूत आहेत माझे, त्याबद्दल काळजी नको.

कालपासून बसवायला घेतला. टाकीच्या खालच्या अंगाला, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला जागा काढली. त्याच्या आधी गाळणी लावली, म्हणजे टाकीतला गंज आत जाणार नाही. धक्क्याचा स्विच मिळाला, तो डिकीत बसवला आणि हातोडीने शेजारी ठोकून तपासला. वीज लगेच तुटते. नळ्या सगळ्या नव्या टाकल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये जे स्पिरिट मिसळतात ते जुनं रबर खातं. फक्त पंपाच्या पुढचा एक वाकडा तुकडा जुना ठेवला. त्या वळणाचा नवा मिळत नाही आणि सरळ नळी वाकवली की चिमटते. पण तो मी काढून नीट तपासला आहे. रबर आतून कुजायला लागलं की त्याला आंबूस वास मारतो, हे तुला मी लहानपणी शिकवलं होतं. चांगला दोनतीनदा हुंगून पाहिला. काही वास नाही. चांगला आहे.

चिंगीची खुर्ची मागच्या सीटवर बांधून बघितली, उजव्या बाजूला. पट्टे घट्ट बसतात. खुर्चीत एक तांदळाचं पोतं बसवून गाडी गल्लीत थोडी पुढेमागे केली, जुन्याच पंपावर. शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, "कुणाला फिरायला नेताय?" मी म्हटलं, "नातीला." त्याने पोत्याला हात हलवून टाटा केला.

आता तुझ्या त्या ओळीबद्दल. साबणाच्या कारखान्यात एकही खेप माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, हे खरं आहे. तू कुठे काय खाऊन आलीस ते मला दारातच कळायचं, हेही खरं. कॉलेजात असताना तू सिगारेट ओढून बडीशेपेची अख्खी पुडी तोंडात कोंबून आली होतीस, तेव्हाही कळलं होतं, मी बोललो नाही इतकंच. पण सगळं नाकावर सोडून चालत नाही. माणसाचं वय होतं. यंत्राची व्यवस्था वेगळी हवी, माणसाची वेगळी. इतकंच मला म्हणायचं होतं.

चिंगीला टोपी आण. घाटात ऊन फार असतं.

तुझा,
बाबा

ता. क. आईशी फोनवर बोलताना पंपाचा विषय काढू नकोस. ती उगाच काळजी करते.



१७ एप्रिल

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. तुझी आई समोर बसून शेंगा सोलते आहे आणि मी लिहितो आहे. तिने सांगून ठेवलं आहे की हे पत्र आज लिहून पुरं झालं नाही तर उद्या ती तुला फोन करून सगळं सांगेल. मी म्हटलं, मीच सांगतो. मघापासून दोन कागद फाडून झाले. एकात मी गाळणीचं वर्णन करत बसलो होतो.

मला वास येत नाही, ठकू.

कमी येतो असं नाही. येतच नाही. मागच्या थंडीत मोठी सर्दी झाली होती, ती गेली आणि वासही घेऊन गेली. आधी वाटलं, नाक चोंदलं आहे, मोकळं होईल. वाफारे घेतले. आईला सांगितलं घसा धरला आहे. मग नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो, तुझ्या आईला बँकेत जातो म्हणून सांगून. त्यांनी नाकात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, सर्दीने कधीकधी असं होतं, काहींचा परत येतो, काहींचा येत नाही, वयही आहे, एकदा नसांच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या. मी हो म्हणून आलो आणि गेलो नाही. आता जाणार आहे. तुझ्या आईने वेळ घेतली आहे आणि ती बरोबर येणार आहे, त्यामुळे सुटका नाही.

हे उघड कसं झालं ते सांगतो.

परवा सकाळी पंप पूर्ण बसवून झाला. चिंगीची खुर्ची मागे बांधलेलीच होती. मी स्टिअरिंगवर बसलो, गॅरेजचं दार अर्धं लोटलेलं, किल्ली अर्धी फिरवली. पंप भराभर टिकटिकला, मग हळू झाला. वाटी भरली. मी वाट बघितली. थोड्या वेळाने एकदा टिक. मग परत शांत. मग टिक. मला वाटलं, नवा आहे, अंग सैल करतोय. सारखी बडबड नव्हती. अधूनमधून एखादा शब्द टाकत होता. मी मान तिरकी करून ऐकत होतो आणि खरं सांगतो, मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. म्हटलं, जमलं. नाकाचं काम कानाने केलं. आता स्टार्टर मारायचा, एवढ्यात तुझी आई दारात आली. हातात कात्री तशीच होती, क्लास अर्धा सोडून आली होती.

"अहो, काय हे पेट्रोल. बाहेरच्या खोलीत बायकांची डोकी दुखायला लागली."

मी म्हटलं, "थोडं सांडलं मघाशी."

"थोडं?" ती खाली बघत होती. "पायाखाली बघा."

मी किल्ली बंद करून उतरलो. मागच्या चाकापासून दारापर्यंत फरशी ओली होती. मी त्यातच उभा होतो. माझ्या चपला भिजल्या होत्या आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पाण्यात उभं राहावं तसं. वर, त्या ओल्या जागेच्या बरोबर वर, चिंगीची खुर्ची.

तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "तुम्हाला येत नाही का वास?"

"येतोय ना."

तिने कात्री खाली ठेवली. पदराचं टोक माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाली, "हा कसला आहे सांगा."

मी अंदाज बांधला. मग म्हटलं, "साबणाचा."

"फोडणीचा आहे," ती म्हणाली.

 आधी बॅटरीची तार काढली, गाडी ढकलून अंगणात घेतली, फरशीवर माती टाकली. क्लासच्या बायकांना तिने घरी पाठवलं. सगळं आवरल्यावर पायरीवर बसली आणि मग मात्र तिने मला सोडलं नाही. तू तिला ओळखतेस, ती ओरडत नाही, हळू बोलते आणि ते जास्त लागतं.

"नाक गेलं तर गेलं," ती म्हणाली. "माझे गुडघे गेले, मी लपवले का? पण तुम्ही त्या पोरीला मागे बसवून घाट चढणार होतात."

"म्हणून तर आवाजाचा पंप आणला," मी म्हटलं. "कानाने भागवणार होतो."

"आणि आज कानाने काय सांगितलं?"

 कानाने बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं ऐकलं होतं. नळी फुटली असती तर तो ओरडला असता. पण बारीक झिरपत होती, म्हणून तो बारीकच बोलत होता. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

आणि गळत कुठून होतं, हे वाचून तू कपाळावर हात मारशील. तो वाकडा जुना तुकडा. ज्याला मी दोनतीनदा हुंगून पास केलं होतं. आतून सगळा भुसभुशीत झालेला, बोटाने दाबला तर चिरला. मी आयुष्यभर ज्या सवयीने काम केलं त्या सवयीने तो नाकाशी नेला, वास आला नाही, म्हणून चांगला म्हटलं. मला कशाचाच वास येत नाही हे माझ्या डोक्याला माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. हात आपला नळी नाकाशी घेऊन गेला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. वर तुला पत्रातून कळवलंही. मागचं पत्र ठेवलं असशील तर ते वाक्य परत वाच, मला आठवलं की अंगावर काटा येतो.

तू विचारशील, लपवलं का. मलाही नीट सांगता येत नाही. या घरात सगळी कामं तुझी आई माझ्यापेक्षा चांगली करते. हिशेब, भांडण, ओळखीपाळखी, सगळं. एकच गोष्ट होती जिच्यासाठी मला हाक यायची. दूध लागलंय का बघा, वायर जळतेय का बघा, हे तेल खवट झालंय का बघा. कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हाही हे काम माझ्याकडेच राहिलं. ते गेलं असं तोंडाने म्हटलं, की मग मी या घरात फक्त खुर्चीवरच्या बाह्या उचलून बाजूला ठेवणारा माणूस. आणि तू लिहिलंस, तुम्हीच चालवायची. ती ओळ मला हातची घालवायची नव्हती. त्या एका ओळीपायी मी चिंगीला पेट्रोलवर बसवायला निघालो होतो. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहायचं ठरलं आहे तर सगळंच लिहितो.

मागच्या खेपेला तू आली होतीस तेव्हाच मला पक्कं कळलं होतं. तू चिंगीला आंघोळ घालून, टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलीस आणि म्हणालीस, "ओळखा बाबा, साबण कुठला?" आपला जुना खेळ. मी तिच्या केसात नाक खुपसलं आणि काहीच नाही. भिंतीत खुपसावं तसं. ती हसत होती, तिचे ओले केस गालाला लागत होते आणि ती मांडीवर असून नसल्यासारखी. मी साबणाचं नाव बरोबर सांगितलं, तू टाळ्या वाजवल्यास. बाथरूमच्या बाहेर साबणाचा कागद पडला होता, ठकू. मी येताना वाचला होता.

आता पुढचं. काल जुना तुकडा फेकला. दुकानदाराकडे परत गेलो, या वेळी तो थट्टा न करता मागच्या खोलीत शिरला आणि त्याने तशाच वळणाची, आजच्या पेट्रोलला टिकणारी नळी शोधून दिली. बसवली. मग तुझ्या आईने चष्मा लावून, गुडघ्यांना नावं ठेवत, गाडीखाली डोकं घालून एकेक जोड हुंगला. मी नुसता टॉर्च धरून उभा. ती म्हणाली, "इथे नाही. इथे नाही. इथेही नाही. मला पुन्हा असलं काम सांगू नका." किल्ली फिरवली. पंप टिकटिकला, वाटी भरली आणि गप्प झाला. आम्ही बराच वेळ उभे होतो. तो बोलला नाही.

गाडी तयार आहे. मी तिच्यात ड्रायव्हर म्हणून बसणार नाही, हे मी ठरवलं आहे. तुझ्या आईने नाही ठरवलं, मी ठरवलं. तुला जर अजूनही म्हातारीतूनच जायचं असेल, तर तू चालव. मी शेजारी बसेन. पंपाचं मी ऐकेन आणि जे ऐकू येईल ते तुला लगेच सांगेन, मनात अर्थ लावत बसणार नाही. निघण्याआधी आणि घाटात जिथे जिथे थांबू तिथे तू उतरून आधी वास घ्यायचा, मगच किल्ली. तुला गाडी मीच शिकवली आणि तू चालवत असताना मी आजवर एकदाही तोंड मिटून बसलेलो नाही, पण या वेळी गिअरबद्दल एक शब्द काढणार नाही.

आणि हे सगळं वाचून तुला वाटलं की नको, आपण बसनेच जाऊ, तर तसं लिही. चिंगीला उलट्या झाल्या तर झाल्या. मी पिशव्या आणि टॉवेल घेऊन शेजारी बसेन. मला राग येणार नाही. वाईट वाटेल, पण ते माझं मी बघीन. तू आई आहेस, तू ठरव. मात्र माझं मन राखायला म्हणून हो म्हणू नकोस. तुझ्या उत्तराची मला धास्ती वाटते आहे, हे तुझ्या आईला दिसतंय, म्हणून ती शेंगा सोलायच्या संपल्या तरी उठलेली नाही.

एक मागणं आहे. इकडे आलीस की चिंगीला आंघोळ घाल आणि टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दे. तिच्या डोक्याला कसला वास येतो ते तू मला सांगायचं, सावकाश, जमेल तसं. मी ऐकेन. ओळखल्यासारखं करणार नाही.

तुझ्या भरवशावर,
बाबा